पाहणे आणि पाळत

काही वर्षांपूर्वी पुण्यातील एका शाळेत आठवीच्या विज्ञानाच्या तासाला बसण्याचा योग आला. मुलांनी चंचुपात्रात पाणी उकळत ठेवले होते. पाणी खदखदू लागले आणि तापमापीतला पारा ९८ अंशांवर येऊन थांबला. मी वह्या पाहिल्या. सगळ्या वह्यांत एकच नोंद होती : 'पाण्याचा उत्कलनांक १०० अंश सेल्सिअस.' जवळच्या मुलीला विचारले, "तुला तापमापीवर किती दिसलं?" ती म्हणाली, "अठ्ठ्याण्णव. पण शंभरच लिहायचं असतं सर, नाहीतर वही तपासताना लाल फुली मिळते."

मुलीचे निरीक्षण बरोबर होते. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे. तेथे हवेचा दाब कमी असल्याने पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते. तापमापी वाचताना मुलीने पाण्याकडे नीट पाहिले होते. वही लिहिताना मात्र तिच्या डोळ्यांपुढे पाणी नव्हते, वही तपासणारे होते.

हा प्रसंग आठवला तो मिशेल फूको या फ्रेंच विचारवंताचे (१९२६–१९८४) पुस्तक वाचताना. मूळ फ्रेंच पुस्तक १९७५ सालचे. त्याच्या नावाचा शब्दशः अर्थ 'पाळत ठेवणे आणि शिक्षा करणे' असा होतो. १९७७ साली 'डिसिप्लिन अँड पनिश' या नावाने ते इंग्रजीत आले. विषय तुरुंगाचा आहे. पण शिक्षकाने वाचावे अशी त्यातली पाने शाळेबद्दलची आहेत.

पुस्तकाच्या आरंभी दोन चित्रे शेजारी शेजारी ठेवली आहेत. पहिले १७५७ साली पॅरिसमध्ये भर चौकात हालहाल करून दिलेल्या देहदंडाचे. दुसरे त्यानंतर सुमारे ८० वर्षांनी लिहिलेल्या, बालगुन्हेगारांच्या तुरुंगातील वेळापत्रकाचे : केव्हा उठायचे, केव्हा प्रार्थना, केव्हा काम, केव्हा लेखन-वाचन. दुसऱ्या चित्रात रक्त नाही. परंतु माणसाच्या दिवसातील प्रत्येक घटका कोणाच्या तरी ताब्यात आहे. फूको म्हणतात, सत्ता सौम्य झाली असे नव्हे, तिची रीत बदलली. नव्या रीतीची साधने तीन : वरून सतत निरीक्षण, ठरावीक मापाशी प्रत्येकाची तुलना, आणि या दोहोंना एकत्र आणणारी परीक्षा. परीक्षेत मुलाची एक नोंद तयार होते आणि पुढे मुलापेक्षा ती नोंदच बोलू लागते.

याचे उदाहरण म्हणून इंग्लंडमधील जोसेफ लँकेस्टरच्या शाळेकडे पाहता येईल. त्याने १७९८ साली लंडनमधील बरो रोडवर गरीब मुलांसाठी शाळा काढली. शेकडो मुले, एक शिक्षक आणि मध्ये मॉनिटरांची उतरंड. या पद्धतीचा एक धागा आपल्या देशातून गेला आहे. अँड्र्यू बेल हा पाद्री मद्रासच्या अनाथ मुलांच्या शाळेचा प्रमुख होता. तेथील एका देशी शाळेत मुले वाळूत बोटाने अक्षरे गिरवताना त्याने पाहिली, ती रीत उचलली आणि मोठ्या मुलांकडून लहानांना शिकवून घेतले. १७९७ साली लंडनमध्ये त्याने त्याचा वृत्तान्त छापला. लँकेस्टर छडीच्या विरुद्ध होता. पण त्याच्या शाळेत चुकलेल्या मुलाला टोपलीत घालून छताला टांगत, म्हणजे सर्वांनी त्याला पाहावे. छडी गेली, नजर आली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षेला मनाई केली, हे फार चांगले झाले. मात्र छडीच्या जागी आपण काय आणले, हा प्रश्न फूको वाचल्यावर टाळता येत नाही.

येथवर मी फूकोंच्या बरोबर आहे. यापुढे अडचणी सुरू होतात.

पहिली अडचण पुराव्याची. फूकोंचा बराचसा आधार नियमपुस्तके, आराखडे आणि सुधारकांची निवेदने हा आहे. त्यांचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण जेरेमी बेंथॅमच्या वर्तुळाकार तुरुंगाचे. मधल्या मनोऱ्यातून पहारेकरी सर्व कोठड्या पाहू शकतो. कैद्याला मात्र आपल्याकडे या क्षणी कोणी पाहत आहे की नाही हे कळत नाही. म्हणून तो स्वतःच स्वतःवर पहारा ठेवू लागतो. कल्पना विलक्षण आहे. पण बेंथॅमला हा तुरुंग कधीच बांधता आला नाही. १८१३ साली ब्रिटिश सरकारने २३,००० पौंड भरपाई देऊन तो विषय संपवला. हे आदर्श रूप आहे याची फूकोंना जाणीव आहे. तरी वाचणारा आराखड्यालाच प्रत्यक्ष यंत्र समजून बसतो. नियम काय होता यावरून वर्गात काय घडले हे कळत नाही. त्यासाठी वर्गातच जावे लागते.

आपल्या वर्गात गेले की काय दिसते? महाराष्ट्रात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. प्रत्येक मुलाबद्दल शिक्षकाने वर्णनात्मक नोंदी ठेवायच्या, हा हेतू उत्तम होता. परंतु मोठा वर्ग, अनेक विषय आणि वर माहिती भरण्याची इतर कामे. मग तयार वाक्यांच्या पुस्तिका बाजारात आल्या आणि 'वर्गात उत्साहाने भाग घेतो' हे वाक्य मुलामागून मुलाला चिकटू लागले. फूकोंच्या मते नोंदवही माणसाला उघडे करते. येथे ती माणसाला झाकते. आपल्या शाळेतील मूल फार पाहिले जाते अशी माझी तक्रार नाही. ते फार नोंदवले जाते आणि फार कमी पाहिले जाते.

दुसरी अडचण अशी, की प्रत्येक नजर पाळतीची नसते. एक मुलगी आठ दिवस शाळेत आली नाही हे ज्या बाईंच्या लक्षात येते आणि ज्या तिच्या घरी जातात, त्यांनाही हजेरीपट पाहावा लागतो. जिचे नाव कोणत्याच पटावर नाही ती मुलगी स्वतंत्र नसते, ती हरवलेली असते. बदलापूरच्या घटनेनंतर ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य शासनाने शाळांत कॅमेरे बसवण्याचा आदेश दिला. त्यामागील भीती खरी आहे. 'ही सत्तेची पाळत' म्हणून ती झटकता येणार नाही. मात्र दिल्ली सरकारने २०१९ साली पालकांना मोबाईलवर चालू वर्ग दाखवण्याची योजना सुरू केली, ती गोष्ट निराळी. दरवाजावरचा कॅमेरा मुलाचे रक्षण करू शकतो. पण वर्गातला कॅमेरा चुकीचे उत्तर देणाऱ्या मुलालाही पाहतो, आणि 'मला माहीत नाही, आपण शोधू' असे म्हणू पाहणाऱ्या शिक्षकालाही.

वही तपासणाऱ्या त्या बाईंना मी दोष देत नाही. त्यांच्याही वह्या कोणीतरी तपासत असणार आणि त्यांच्यापुढेही एखादे 'शंभर' असणार. फूको वाचून शिक्षकाने स्वतःला तुरुंगाधिकारी समजण्याचे कारण नाही. घ्यायचा बोध छोटा आहे : पाहणे आणि गुण देणे यांत थोडे अंतर ठेवावे.

विज्ञानाच्या तासाला हे लगेच करता येते. पाणी उकळण्याचा प्रयोग पुन्हा करावा. प्रत्येक गटाने आपले वाचन फळ्यावर लिहावे, नाव न घालता. ९७, ९८, ९९, जे येईल ते. त्या दिवशी वही तपासू नये. फरक का पडले असतील यावर मुलांना बोलू द्यावे : कोणाची तापमापी सदोष असेल, कोणी ती तिरपी धरून वाचली असेल. मग आपल्या गावाची उंची काढावी आणि पुस्तकातले १०० अंश कोणत्या दाबाला लागू आहेत ते वाचावे. गाव कोकण किनाऱ्यावर असेल तर आकडा शंभराच्या जवळ येईल, महाबळेश्वरी बराच खाली जाईल. आपल्या डोळ्यांनी पाहिलेला आकडा निर्धास्तपणे फळ्यावर लिहिता आला, तर पुढची चर्चा मुले आपली आपण करतात.