बहुवांशिक अस्मिता आणि मराठी समीक्षेचे निकष : करोल बागेच्या संदर्भात

दिल्लीत १९५४ नंतर २०२५ मध्ये पुन्हा अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अशा प्रसंगी महाराष्ट्राबाहेरील मराठी माणसाने भाषा कितपत जतन केली, याची चर्चा होते. स्थलांतरात त्याची अस्मिता कशी नव्याने घडली, हा प्रश्न मात्र बाजूला राहतो.

या दृष्टीने करोल बाग ही वस्ती विचारात घेण्याजोगी आहे. नवी दिल्लीच्या उभारणीमुळे विस्थापित झालेले लोक १९२० च्या दशकात येथे आले. १९४७ नंतर पश्चिम पंजाबातील निर्वासित आले. येथील सोन्याच्या बाजारात बंगाली कारागिरांच्या शेजारी सांगली जिल्ह्यातील विटा-खानापूर भागातले गलाई व्यावसायिकही स्थिरावले. त्यांच्या मुलांची घरची बोली एक, शाळेची दुसरी आणि गल्लीतली तिसरी. जनगणनेत मातृभाषेसाठी एकच नाव नोंदविले जाते, इतर भाषा नंतर येतात. समीक्षेची रीतही बहुधा तीच आहे.

या रीतीची मर्यादा मीरा महादेवन यांच्या संदर्भात स्पष्ट होते. बेने इस्राएल हा कोकणात शतकानुशतके राहिलेला, तेल गाळण्याच्या व्यवसायामुळे ‘शनवार तेली’ म्हणून ओळखला गेलेला, गावांवरून ‘कर’प्रत्ययी आडनावे घेतलेला मराठीभाषक यहुदी समाज. त्या समाजात जन्मलेल्या आणि १९६९ मध्ये दिल्लीत ‘मोबाइल क्रेशेस’ उभारणाऱ्या या लेखिकेने ‘अपना घर’ ही कादंबरी हिंदीत लिहिली. इस्राएलकडे जाण्याच्या ओढीने कुटुंबात पडणारी फूट हा तिचा विषय आहे. धर्माची भूमी आणि जगण्याची भूमी वेगळ्या असतील, तर ‘आपले’ घर कोणते, हा तिच्या शीर्षकातच अंतर्भूत असलेला प्रश्न आहे.

ही कादंबरी मराठी ठरवावी, असा येथे आग्रह नाही. भाषेचा निकष सोडला तर मराठी वाङ्मय ही संकल्पनाच निराधार होईल. परंतु मराठी समाजानुभवाचा इतिहास केवळ मराठी ग्रंथांवरून सिद्ध होत नाही, हेही मान्य करावे लागते. अशा कृती मराठी साहित्याच्या शेजारी ठेवून वाचल्या पाहिजेत.

गलाईच्या व्यवसायात शुद्ध केलेले सोने दागिन्यासाठी फार मऊ ठरते. त्यात दुसरा धातू मिसळावाच लागतो. मिश्र अस्मितेला ‘हीण’ समजणाऱ्या समीक्षेने करोल बागेतील हा नित्याचा व्यवहार ध्यानात घ्यावा. अन्यथा तेथे वाढणारी पिढी उद्या जे लिहील, ते कोणत्याच वाङ्मयेतिहासात नोंदले जाणार नाही.