सत्यशोधकांचा जगद्गुरू

निर्मिक व मनुष्य यांच्यामध्ये मध्यस्थ नको, असे सांगत १८७३ साली पुण्यात सत्यशोधक समाज उभा राहिला. त्याच समाजाला आश्रय देणाऱ्या छत्रपती शाहूंनी १९२० साली सदाशिवराव पाटील-बेनाडीकर यांना क्षात्रजगद्गुरू नेमले. ही घटना बहुधा एका वाक्यात उरकली जाते. आपणांस ती तशी सोडता येणार नाही.

कोल्हापूर संस्थानात राजपदाची प्रतिष्ठा धर्मविधीशी जखडलेली होती. राजोपाध्ये महाराजांसाठी वेदोक्त नव्हे, तर पुराणोक्त मंत्र म्हणतात, यावरून १८९९ च्या सुमारास वाद पेटला. राजा क्षत्रिय की शूद्र, हा तो प्रश्न. महाराजांचा संताप रास्तच होता. १९०२ साली मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखून ठेवणारा त्यांचा हुकूम तर सुधारणेच्या इतिहासात अढळ राहील. तथापि प्रश्न मात्र पुरोहितांनी घातलेलाच स्वीकारला गेला.

जोतीरावांचा प्रश्न निराळा होता. त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त एकाच घरात पत्नी बौद्ध, पती ख्रिस्ती, कन्या मुसलमान व पुत्र सत्यधर्मी असावा आणि सर्वांनी प्रेमाने नांदावे, अशी कल्पना आहे. तेथे वर्णातील पायरीची विचारपूसच उरत नाही.

क्षात्रपीठाचे समर्थक म्हणतील की, समाजाला विधी हवेच असतात. खरे आहे. सावरगावच्या परिसरात घरोघरी जाणाऱ्या धर्मशिक्षकास हे कोणी शिकवावे लागत नाही; लग्नात आणि मयतीत माणसाला मत नको, विधी हवा असतो. परंतु पुरोहिताविना विवाहविधी जोतीरावांनी आधीच दिला होता. तेव्हा उणीव विधीची नव्हती, मानाची होती. आणि तो मान ज्या व्यवस्थेशी झगडा, तिच्याच नाण्यात मागितला गेला. धर्माधिष्ठित राज्यात राहून सुधारणा करणाऱ्यांची ओळख अशीच हळूहळू बदलते. आपल्या मंडळीतही मानाची आसने कमी नाहीत, हे येथे कबूल करावे.

त्याच १९२० च्या मार्चमध्ये माणगावच्या अस्पृश्य परिषदेस महाराज स्वतः उपस्थित राहिले आणि तरुण आंबेडकरांना त्यांनी अस्पृश्यांचे पुढारी म्हणून गौरविले. त्या परिषदेला जमलेल्यांना क्षात्रपीठापाशी मागण्यासारखे काहीच नव्हते. १९३५ साली येवल्यात आंबेडकरांनी वरची पायरी मागितली नाही. आपण हिंदू म्हणून मरणार नाही, असे जाहीर केले.