रॅपमधील शब्दाचे अधिराज्य

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या शहरी जीवनातून जन्मलेल्या हिप-हॉपविषयी गेली पंचवीस-तीस वर्षे एक तक्रार सातत्याने ऐकू येते. पूर्वी या संगीतात राज्य शब्दाचे होते, आता ते ताल, यंत्रे आणि ध्वनिपरिणाम यांच्या हाती गेले आहे. तेव्हा ते जुने, शब्दप्रधान हिप-हॉप आपले स्थान पुन्हा मिळवील काय, असा प्रश्न या तक्रारीपाठोपाठ येतो. जुने ते सारे शब्दप्रधान होते आणि त्याचे एकेकाळी अधिराज्य होते, अशी दोन गृहीतके या प्रश्नाच्या मुळाशी आहेत. दोन्ही तपासून घेतल्यावाचून उत्तराकडे वळता येत नाही.

११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, सेजविक अ‍ॅव्हेन्यूवरील एका इमारतीत डीजे कूल हर्क याने तबकड्या वाजवल्या. हिप-हॉपचा प्रारंभ तेथून मानण्याचा प्रघात आहे. अशा मेळाव्यांचा नायक तबकड्या वाजवणारा होता. शब्द उच्चारणारा नाचणाऱ्यांना चेतवण्यापुरता बोले. १९७९ चे ‘रॅपर्स डिलाइट’ हेही उत्सवाचेच गाणे. १९८२ च्या ‘द मेसेज’ने वस्तीतील दारिद्र्य केंद्रस्थानी आणले हे खरे, परंतु ज्या ग्रँडमास्टर फ्लॅश आणि फ्यूरियस फाइव्ह या पथकाच्या नावावर ते आहे, त्यालाच ते करण्याची उत्सुकता नव्हती. त्याचा बराचसा भाग एड फ्लेचर या ध्वनिमुद्रणगृहातील वादकाने रचला, आणि पथकातील मेली मेल या एकाचाच आवाज त्यात प्रामुख्याने उमटला. तात्पर्य, ज्याला ‘ओल्ड स्कूल’ म्हणतात त्या काळाचा प्राण नृत्य हा होता. शब्दाचा उत्कर्ष त्यानंतरचा, साधारणतः १९८६ ते १९९६ या दशकातला.

या उत्कर्षाचा पहिला मान राकिमचा. एरिक बी. याच्यासह १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘पेड इन फुल’ या अल्बममध्ये त्याने जे साधले ते छंदःशास्त्राच्या परिभाषेत नेमके सांगता येते. त्याच्या आधीची रॅपरचना बहुधा द्विपदीची होती. चार ठोक्यांचे आवर्तन, आवर्तनाच्या शेवटी अंत्ययमक, आणि वाक्यही तेथेच संपलेले. राकिमने यमक ओळीच्या पोटात आणले, एकाच ओळीत ते अनेक ठिकाणी पेरले आणि वाक्याला आवर्तनाची सीमा ओलांडू दिली. यतीची जागा अनिश्चित झाली, आणि श्रोत्याला कान टवकारून ऐकणे भाग पडले. राकिम सॅक्सोफोन वाजवीत असे व जॉन कोल्ट्रेनचा त्याच्यावर प्रभाव होता, ही माहिती केवळ चरित्रात्मक नव्हे. श्वास कोठे घ्यावा आणि कोठे रोखावा याची जाण त्याच्या शब्दाला वाद्याकडून मिळाली आहे.

नाझचा ‘इलमॅटिक’ (१९९४) हा या दशकाचा कळस. क्वीन्सब्रिज या सरकारी घरकुलांच्या वस्तीत वाढलेल्या वीस वर्षांच्या तरुणाची ही निर्मिती. तिच्या चाहत्यांनी तिच्यातील यमकांची दाटी मोजण्यातच धन्यता मानली. तिचे सामर्थ्य मात्र पाहण्यात आहे. ‘वन लव्ह’ हे गाणे तुरुंगातील मित्रांना लिहिलेल्या पत्रांच्या रूपात येते. वस्तीची खबर देता देता खबर देणाऱ्याचे एकटेपण उघडे पडते. पुढे ज्यांनी यमकांची ही दाटी तेवढी उचलली त्यांच्या हाती शब्दांची कसरत उरली. मराठी पंडिती काव्याच्या वाचकाला या अवस्थेची ओळख वेगळी करून द्यायला नको.

अधिराज्याचे काय? ‘इलमॅटिक’ला पाच लाख प्रतींचे सुवर्णप्रमाणपत्र १९९६ मध्ये आणि दहा लाखांचे २००१ मध्ये मिळाले. याउलट १९९० मध्ये आलेला एम. सी. हॅमरचा नृत्यप्रधान अल्बम एक कोटीहून अधिक खपला. म्हणजे बाजार त्याही काळात शब्दाचा नव्हता. शब्दाचा होता तो मान. कोण श्रेष्ठ हे ठरवणारी एक न्यायसभा होती: नाक्यावरचे प्रतिस्पर्धी, रात्री उशिरा लागणारे विद्यापीठीय रेडिओ कार्यक्रम, आणि ‘इलमॅटिक’ला पाचपैकी पाच माइक देणारे ‘द सोर्स’सारखे मासिक. ही सभा पांगली. १९९६ च्या दूरसंचार कायद्याने एका कंपनीने देशभरात किती रेडिओ केंद्रे बाळगावीत यावरील मर्यादा उठवली आणि स्थानिक निवड आक्रसली. पुढे श्रवण ज्याच्या त्याच्या कानापुरते झाले.

दरम्यान सत्ताकेंद्र अटलांटाकडे सरकले. तेथील ‘ट्रॅप’मध्ये आवाज स्वतःच वाद्य होतो, शब्द अर्धवट उच्चारला जातो किंवा स्वरात विरघळतो. याला ऱ्हास म्हणण्याची घाई करू नये. ख्यालात बंदिशीचे शब्द स्वराला वाट करून देतात म्हणून कोणी ख्यालाला शब्ददरिद्री म्हणत नाही. शिवाय, यंग थग हा ज्या शैलीचा अग्रणी, त्या शैलीत शब्दच उरला नाही असे सांगितले जात असताना नोव्हेंबर २०२३ मध्ये अटलांटाच्या न्यायालयाने त्याच्याच ओळी फौजदारी खटल्यात पुरावा म्हणून सशर्त मांडू दिल्या. रसिकाने सोडून दिलेला वाच्यार्थ सरकारी वकिलाने उचलला.

जुन्या पद्धतीची उत्तम निर्मिती थांबलेली नाही. २०२० ते २०२३ या काळात नाझने निर्माता हिट-बॉय याच्यासह सहा अल्बम दिले, पैकी पहिल्याला २०२१ मध्ये ग्रॅमी मिळाले. कौशल्य शाबूत आहे. विखुरली आहे ती सभा, आणि ती कायमची परत बसेल असे मानायला आधार दिसत नाही. क्वचित एखादा कलह तिला काही आठवडे एकत्र आणतो. ‘डॅम’ या अल्बमसाठी २०१८ मध्ये पुलित्झर मिळवणाऱ्या केन्ड्रिक लमार याने २०२४ मध्ये ड्रेकशी झालेल्या वादात ‘नॉट लाइक अस’ रचले, तेव्हा लक्षावधी श्रोते एकेका शब्दाचा रोख शोधू लागले. गाण्याचा ठेका मात्र मस्टर्ड या निर्मात्याचा, निखळ नाचाचा. २०२५ मध्ये त्याला पाच ग्रॅमी मिळाले. ड्रेकने ध्वनिमुद्रण कंपनीवर बदनामीचा दावा लावला. ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने तो फेटाळताना, अशा शब्दयुद्धातील आरोप जाणता श्रोता वस्तुस्थितीचे कथन म्हणून घेत नाही, असा विचार मांडला. रॅपमधील निंदेचा संकेत न्यायासनाने मान्य केला, आणि त्याच महिन्यात बिलबोर्डच्या मुख्य यादीतील पहिल्या चाळीस गाण्यांत, १९९० नंतर प्रथमच, एकही रॅप गाणे नव्हते.