आडोसा, आभाळ आणि मध्यरात्रीची छत्री

तिघाचौघांत एक फ्लॅट शेअर करत असाल, तर आईचा फोन कुठे घ्यायचा हा प्रश्न तुम्हाला नवा नाही. जिन्यात, पार्किंगमध्ये, नाहीतर बाथरूममध्ये नळ सोडून. आपण म्हणतो जागा कमी पडते. माझ्या मते आधी कमी पडतो तो आडोसा.

म्हणूनच आज ओसाकाच्या सुमियोशी भागातल्या एका घराबद्दल बोलू या. वास्तुरचनाकार ताडाओ आंदो, साल १९७६. जुन्या घरांच्या दाटीत सुमारे ५७ चौरस मीटरचा, म्हणजे जेमतेम सव्वासहाशे चौरस फुटांचा चिंचोळा प्लॉट. त्यावर दोन मजली काँक्रीटची पेटी. रस्त्याच्या बाजूला एकही खिडकी नाही, फक्त आत शिरायची जागा. पेटीचे लांबीत तीन भाग केलेत आणि मधला भाग उघडा आहे, वर थेट आभाळ. उजेड आणि वारा तिथूनच येतो.

एवढ्याशा जागेतला जवळजवळ तिसरा हिस्सा मोकळा सोडायचा? हिशेबाने वेडेपणाच. पण गंमत इथेच आहे. त्या अंगणामुळे समोरासमोरच्या दोन खोल्यांत खरं अंतर पडतं. नुसत्या पार्टिशनने ते पडलं नसतं. शेजारी दोन हातांवर, तरी घरात कुणी डोकावू शकत नाही. १९७९ मध्ये या घराला जपानच्या वास्तुरचना संस्थेचा पुरस्कार मिळाला, तो उगाच नाही.

आता माझी तक्रार. जिना अंगणात, झोपायच्या खोल्या वर, संडास-बाथरूम खाली मागच्या बाजूला. म्हणजे रात्री दोन वाजता पावसात उठलात, तर छत्री उघडा आणि ओला जिना उतरा. पंचविशीत हे काव्यमय वाटेल. गुडघे दुखणाऱ्या आजीला किंवा तापाने फणफणलेल्या पोराला विचारून बघा.

आपल्या वाड्यांतही मधोमध चौक असायचा. पण त्याच्या कडेने ओसरी फिरायची, त्यामुळे न भिजता इकडून तिकडे जाता यायचं. मात्र त्याच चौकात सगळ्या घराची नजर तुमच्यावर. वाड्यात कोरडं राहता यायचं, एकटं राहणं कठीण. आंदोंनी नेमकं उलटं केलं. ओसरीला जागा दिली असती तर खोल्या आक्रसल्या असत्या, नाहीतर आभाळ. तो सौदा त्यांनी उघडपणे केला, हे मला आवडतं. पण त्याची किंमत घरातल्या प्रत्येकाला सारखी पडत नाही, हेही म्हणायलाच हवं.

तेव्हा पुढच्या वेळी फ्लॅट बघायला जाल, तेव्हा किती गाद्या मावतील हे मोजाच. पण दार लावून रडता येईल अशी एक जागा आहे का, तेही बघा. आणि आई-बाबा राहायला आले, तर रात्री त्यांना किती पायऱ्या उतराव्या लागतील?