नीरोचे पाहुणे आणि लोहाऱ्याचा तरुण

तरुणांस वृत्त नको, दूरचित्रवाणीवरील करमणूक तेवढी हवी, असा आक्षेप वारंवार ऐकू येतो. दीपा भाटिया यांचा ‘नीरोज गेस्ट्स’ (२००९) हा अनुबोधपट पाहता तो आम्हांस एकांगी वाटतो. कैद्यांस जाळून नीरोने रात्री उपवनात उजेड केला, असे टॅसिटस लिहितो. त्या उजेडात मेजवानी झोडणारे पाहुणे कोण, हा या पटाचा नायक पत्रकार पी. साईनाथ यांचा प्रश्न. २००६ साली मुंबईच्या फॅशन-सप्ताहास ५१२ पत्रकार लोटले. तेथे सुती वस्त्रे मिरवत असता कापूस पिकविणारे विदर्भात प्राण देत होते, हे वैषम्य त्यांनीच जगापुढे मांडले. त्या दिवसांत यवतमाळलगतच्या लोहाऱ्यातील मुलाने वृत्तवाहिनी लाविली असती, तरी त्यास आपल्या शिवाराचे कितीसे दर्शन घडते? त्याने वृत्ताकडे पाठ फिरविण्यापूर्वीच वृत्ताने त्याच्या गावाकडे पाठ फिरविली होती.

पटात उणीव आहे ती एवढीच, की साईनाथ बोलतात इंग्रजीत आणि जाब विचारतात तो पाहुण्यांस. ज्याच्या बापाच्या पऱ्हाटीची ही कथा, त्या तरुणास श्रोत्यांत स्थान नाही. हा पट मराठीतून लोहाऱ्यास दाखविला जावा. मग त्यास वृत्ताची गोडी आहे की नाही, याचा निवाडा खुशाल करावा.