थेंबाच्या वरच्या अंगाला

मंचरहून भीमाशंकरकडे निघालेल्या ट्रकला घोडेगाव, शिनोलीपर्यंत रस्ता काही विचारत नाही. डिंभे धरण मागे पडून पोखरी घाट लागला की चौकशी सुरू होते. भरल्या गाडीला इथं सगळ्यात जास्त डिझेल लागतं आणि नेमकी इथंच ती ‘मार खाते’, म्हणजे जोर सोडते. मग सिमेंट वर टाकून उतरताना ड्रायव्हर ती एखाद्या गॅरेजपुढे लावतो. पंपाखाली डिझेल टपकत असतं. आता सांगायचं काय, दिसतंयच की, असा त्याचा चेहरा.

जाणत्या मिस्त्रीची दाद घेणारी पहिली जागा इथेच येते. पान्याला हात न लावता तो विचारतो, “सकाळी सेल्फ किती वेळ मारावा लागतो?” ड्रायव्हर म्हणतो, “बराच वेळ.”

या प्रश्नाला दाद द्यायची तर डिझेलची वाट माहीत हवी. टाकीपासून फीड पंपापर्यंत डिझेल ओढलं जातं. तिथून फिल्टर, मोठा पंप आणि नोझलपर्यंत ते ढकललं जातं. ढकलण्याच्या बाजूला फट पडली तर डिझेल बाहेर येतं. ओढण्याच्या बाजूला पडली तर हवा आत शिरते आणि बाहेर बहुधा एक थेंबही दिसत नाही. रात्रभरात ती हवा डिझेलला टाकीकडे मागे सरकू देते, म्हणून सकाळी सेल्फ मारून बॅटरी दमते. घाटात ओढ वाढते तशी हवाही जास्त शिरते आणि गाडी मार खाते. पंपाखालच्या थेंबाने यातलं काहीच उलगडत नाही. म्हणजे गळत्या दोन आहेत, आणि बॉनेट अजून उघडलेलंही नाही.

पुढचं काम दिसायला अगदी नीरस. ब्रशने पंपाची अख्खी बाजू धुवायची, फडक्याने कोरडी करायची, इंजिन चालू करून नुसतं बघत उभं राहायचं. शिकाऊ पोऱ्या ओल दिसली तिथला नट आवळायला धावतो. पण डिझेल खाली ओघळतं आणि पंख्याचा वारा ते मागे ढकलतो. मूळ शोधायचं तर थेंबाच्या वरच्या अंगाला आणि पुढच्या बाजूला बघावं लागतं. तिसऱ्या सिलिंडरच्या पाइपवर, नटाच्या अगदी कडेला, ओलावा पुन्हा धरतो. बोट मात्र कुणी लावत नाही. ट्रकच्या टायरात हवा आठेक बारची असते. नोझल उघडायला इथं दोनशे बारच्या आसपास दाब लागतो, आणि तेवढ्या दाबाची बारीक चिळकांडी कातडी भेदून आत जाते. पुठ्ठ्याचा तुकडा धरायचा, त्यावर डाग उठतो.

हे पाइप एकदा निवांत बघावेत. अनेक इंजिनांत सगळ्या पाइपांची लांबी सारखी ठेवलेली असते. जवळच्या सिलिंडरचा पाइप उगाच वळसे घेतो आणि लांबचा जवळजवळ सरळ जातो. लांबी बदलली तर डिझेल पोहोचण्याची वेळ बदलेल, म्हणून हा नक्षीदार खटाटोप. बॉशने असे पंप १९२७ साली कारखान्यातून काढायला सुरुवात केली. आपल्याकडे १९५१ मध्ये बंगळूरला मायको निघाली. कंपनीचं नाव २००८ मध्ये बॉश झालं, तरी जुन्या गॅरेजांत पंप अजून मायकोचाच असतो.

पाइप का तडकला, हे न विचारता नवा बसवणारे पुष्कळ. हा मिस्त्री इंजिन बंद करून शेजारच्या दोन पाइपांवरून बोट फिरवतो आणि घासून चकाकणारी जागा दाखवतो: इथे पाइपांना एकत्र धरणारी क्लिप होती. मागे कुणीतरी काम केलं आणि ती परत लावली नाही. पाइप थरथरत राहिला, मानेशी थकला आणि तडकला. नवा पाइप बसवताना एका पान्याने खालचा होल्डर धरायचा, दुसऱ्याने नट आवळायचा, तोही बेताने; जास्त आवळलं की पाइपाचं टोक चेपतं आणि उद्या तिथूनच गळतं.

माझ्या मते खरी बहार मात्र न दिसणाऱ्या गळतीच्या शोधात आहे. गवंड्याच्या लेव्हलच्या नळीचा तुकडा फीड पंपाच्या पुढे जोडला, तर आत बुडबुड्यांची माळ धावली. तोच पंपाच्या मागे, टाकीच्या बाजूला जोडला. डिझेल स्वच्छ, एकही बुडबुडा नाही. उरला फक्त मधला सांधा. फीड पंपाच्या तोंडाशी बॅन्जो बोल्टखाली तांब्याचे दोन वॉशर, चेपून कडक झालेले. मिस्त्रीने ते लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकले. पोलाद असं केल्याने कडक होतं, तांबं मऊ. पुण्याच्या तांबट आळीत हे कुणाला सांगावं लागत नाही. मऊ वॉशर पुन्हा सांध्याच्या खाचाखोचांत नीट बसतो.

शेवटी एअर काढणं. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हँड प्रायमर मारत राहायचं: आधी फेस, मग फुसफुस, मग अखंड धार. स्क्रू घट्ट, सेल्फ, आणि इंजिन धडधडून लागलं.

आजच्या कॉमन रेलच्या गाड्यांत दाब दीड-दोन हजार बारपर्यंत जातो. तिथे पाइपाचा नट असा गॅरेजच्या दारात सैल करू नये. ते वेगळं शास्त्र.

या कामात मला एकच उणीव दिसली. लेव्हलची नळी काढून जुना रबरी होज परत जोडताना ड्रायव्हर म्हणाला, “मिस्त्री, तारेनं भागवा आता, उशीर झालाय.” आणि मिस्त्रीने भागवलं. तार रबराला सगळीकडून सारखी आवळत नाही. एका जागी रुतते, दुसरीकडे ढिली राहते. होज ओढण्याच्याच बाजूला होता. सांध्यावर एवढी बुद्धी खर्चल्यावर त्याच वाटेवर हवेला दुसरं दार ठेवणं मला पटलं नाही. चांगली क्लिप शेजारच्या दुकानात मिळत होती.