बोर्श कोणाचे? मराठी प्रवासवर्णनातील परके ताट

२०१६ साली लेकीकडे न्यू जर्सीला गेलो असताना न्यूयॉर्कच्या सेकंड अॅव्हेन्यूवरील ‘वेसेल्का’ या उपाहारगृहात जेवलो. परतल्यावर एका दिवाळी अंकासाठी प्रवासलेख लिहिला आणि त्यात या जेवणाला दोन वाक्ये दिली. त्यांत ‘लालभडक रशियन सूप’ असा उल्लेख होता. वेसेल्का हे युक्रेनियन उपाहारगृह. दुसऱ्या महायुद्धानंतर निर्वासित होऊन अमेरिकेत आलेल्या एका युक्रेनियन जोडप्याने ते १९५४ मध्ये सुरू केले. मेन्यूवर युक्रेनचे नाव होते आणि ते मी वाचलेही होते. तरी लिहिताना ‘रशियन’ हाच शब्द उतरला, आणि तो कोणालाही खटकला नाही.

खटकला तो मार्च २०२२ मध्ये. आमच्या छत्रपती संभाजीनगरातील, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेतील, कॉलनीतली एक मुलगी युक्रेनमधील विनित्सा येथे डॉक्टरकी शिकत होती. युद्ध सुरू झाल्यावर ‘ऑपरेशन गंगा’च्या विमानाने ती घरी आली. भेटायला गेलो, तर तिच्या आईने कौतुकाने माझा तो जुना अंक तिच्यापुढे ठेवला. तिने वाचला आणि म्हणाली, “काका, हे रशियन नाही हो. आमच्या मेसमधल्या मावशींसमोर असं म्हटलं असतं, तर त्यांनी वाढलंच नसतं.”

त्यानंतर घरातली मराठी प्रवासवर्णने मी एकच प्रश्न घेऊन पुन्हा वाचली. परदेशात जेवायला बसलेला मराठी माणूस समोरच्या ताटाला काय विचारतो?

एकोणिसाव्या शतकात तो विचारतो, हे मला चालेल का? १८८३ मध्ये फिलाडेल्फियाला गेलेल्या आनंदीबाई जोशींनी तिथेही शाकाहार पाळला. त्याच वर्षी इंग्लंडला गेलेल्या पंडिता रमाबाईंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावरही तो सोडला नाही. सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेल्या त्यांच्या पत्रव्यवहारात हा विषय वादाचाही झाला. मागे पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमधल्या चहावरून ग्रामण्य झाले, हे लक्षात घेतले म्हणजे परदेशातल्या घासाला किती वजन होते ते कळते. रमाबाईंच्या नकारात मला मात्र सोवळ्यापेक्षा स्वत्वाचा आग्रह अधिक दिसतो. धर्म बदलला म्हणून ताटही यजमानांच्या मर्जीने बदलायचे, हे त्यांना मान्य नव्हते.

स्वातंत्र्यानंतर प्रश्न बदलतो. हे कसे खायचे? ‘अपूर्वाई’ (१९६०) मधला पु. ल. देशपांडे यांचा निवेदक परक्या शिष्टाचारापुढे बिचकतो आणि आपल्या बिचकण्यावरच हसतो. या विनोदाचा मोठेपणा असा की त्यात परक्यांची टवाळी नाही, हसे होते ते स्वतःचे. पण त्याच्यामागून आलेल्या आम्हा हौशी प्रवासलेखकांच्या हाती विनोद उरला आणि कुतूहल गळाले. पदार्थाच्या नावाची गंमत, मग वरणभाताची आठवण, की प्रसंग संपला. रांधणारा माणूस स्वयंपाकघराच्या दाराआडच राहिला.

रशियाविषयीच्या लेखनात आणखी एक गोष्ट घडली. अनंत काणेकरांचे ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ (१९४०) आणि १९६१ च्या प्रवासावरील अण्णा भाऊ साठे यांचे ‘माझा रशियाचा प्रवास’ ही आपल्याकडची दोन महत्त्वाची पुस्तके. पोटाचा प्रश्न सोडवू पाहणारा समाज पाहायला अण्णा भाऊ गेले होते, त्यामुळे त्यांची नजर कष्टकऱ्याच्या जगण्यावर होती. पण प्रवास सोव्हिएत संघाचा आणि शीर्षक रशियाचे, हा त्या काळच्या मराठीचा सर्रास प्रघात होता. पंधरा प्रजासत्ताकांना आपण एकाच नावाने हाक मारली. युक्रेनमध्ये जन्मलेला आणि तिथल्या खेड्यांवर लिहिणारा गोगोलही आपल्याला केवळ ‘रशियन लेखक’ म्हणून ठाऊक झाला.

यावर आक्षेप येईल की १९६१ मध्ये युक्रेन सोव्हिएत संघातच होता, मग अण्णा भाऊंना दोष कसा द्यायचा? देऊ नयेच. पण युक्रेन १९९१ मध्ये स्वतंत्र झाला आणि माझा लेख त्यानंतर पंचवीस वर्षांनी आला. ती माहितीची उणीव नव्हती, वाचनातून आलेली सवय होती. आणि या सवयीने प्रत्यक्ष माणसे दुखावतात. १ जुलै २०२२ रोजी युनेस्कोने युक्रेनमधील बोर्श शिजवण्याच्या संस्कृतीची नोंद तातडीने जपण्याच्या वारशात केली. ही नोंद म्हणजे मालकीचा सातबारा नव्हे, शेजारच्या देशांतही बोर्श शिजतेच. पण युद्धात शेते, स्वयंपाकघरे आणि माणसे विस्कटल्यामुळे ती घाईने करावी लागली.

आता ते टेबल आठवतो, तेव्हा काय काय निसटले ते दिसते. बोर्शमध्ये बीट, कोबी, बटाटा, वर आंबट साय आणि शेपू. शेपू! आमच्याकडे निम्मे घर ज्याला नाक मुरडते, तीच भाजी तिथे कोथिंबिरीसारखी भुरभुरलेली. वारेनिकी करंजीच्या आकाराची, पण पाण्यात उकडलेली, पोटात बटाटा. नाताळच्या आदल्या रात्री त्यांच्याकडे बारा बिनमांसाचे पदार्थ करतात. त्यांतली कुत्या म्हणजे अख्खे गहू, खसखस आणि मध. गव्हाची खीर खाणाऱ्या मराठवाड्याला ती वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. ज्या भूमीत इतका गहू पिकतो, तिथे १९३२-३३ मध्ये स्टालिनच्या धान्यवसुलीमुळे लाखो माणसे उपासमारीने मेली. १९७२ च्या दुष्काळात सुकडीसाठी रांगेत उभ्या राहिलेल्या पिढीतला मी. हा धागा तरी माझ्या हाती लागायला हवा होता.

अर्थात एका उपाहारगृहात जेवून देश कळत नाही. वेसेल्कात बोर्शच्या शेजारी बर्गरही मिळतो, ते जितके युक्रेनचे तितकेच न्यूयॉर्कचे. परदेशातल्या ‘महाराष्ट्रीयन’ पाटीखाली तरी काय असते? मिसळ, वडापाव, पुरणपोळी. धपाटे आणि येसर क्वचित, आणि आमच्या शहराचा नान-खलिया तर नाहीच. हा पदार्थ १३२७ मध्ये महंमद तुघलकाने राजधानी दौलताबादला हलवली तेव्हा लष्कराबरोबर आला, असे इथे सांगतात. म्हणजे तोही विस्थापितांचाच. त्याला कोणी ‘हैदराबादी’ म्हटले तर आम्ही लगेच दुरुस्ती करतो. मग तीच संधी मी दुसऱ्याला का नाकारली?

ताटाकडे कसे पाहावे याचा धडा मला अखेर प्रवासवर्णनात सापडला नाही, तो शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) मध्ये सापडला. मराठवाड्यातील महार-मांग समाजांची खाद्यसंस्कृती त्यांनी चुलीजवळ बसून लिहिली. काय खाल्ले याबरोबरच तेच का खावे लागले आणि त्याला नावे कोणी ठेवली, हेही पुस्तक विचारते. इथे परका कोणी दूरदेशीचा नाही, आपल्याच गावातले ताट आपल्याला परके होते, हे ते दाखवून देते. मराठी प्रवासलेखनाने उचलावा असा प्रश्न हाच आहे.

ती मुलगी आता इथेच राहते. गेल्या हिवाळ्यात तिने बोर्श केले आणि डबा पाठवला. साय नव्हती म्हणून वर घट्ट दही घातले होते, शेपू मात्र भरपूर. घरातल्या दिवाळी अंकात ‘रशियन’ हा शब्द मी पेनाने खोडला आहे. छापलेल्या बाकीच्या प्रतींत तो तसाच आहे, म्हणून ही दुरुस्ती इथे छापून देतो.